चादर कंपनीतले दोन ठोके

सांगतो, पण दोन अटी. मोबाईल खिशात घालायचे, आणि मधे मधे 'पुढं काय झालं बाबासो काका' म्हणून टोचायचं नाही. विश्वजित, ते गच्चीचं दार ओढून घे बाबा, वाऱ्यानं उगाच आपटतंय.

ही काही मी रचलेली गोष्ट नव्हे. ज्याच्यावर बेतली तो माणूस आपल्या कोपरखैरण्यातच राहतो, चार गल्ल्या पलीकडं. शहाजी फिटर. रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन जाताना तुम्ही त्याला बघता. त्याला जाऊन विचाराल तर हसून विषय बदलेल. मला त्यानं सांगितलं, कारण मी सत्तावीस वर्षं बॉयलरवर काढली आणि वाफेतलं थोडंफार मला कळतं.

तर गेल्या नोव्हेंबरची अठ्ठावीस तारीख. शुक्रवार. अमावास्या नव्हती, तुम्हाला हवं तसं काही नव्हतं. साधी अष्टमी होती. शहाजी रात्री साडेनऊला जेवून उठला, पिशवीत पाने, गास्केट, पॉलिश पेपर आणि खोक्यातला एक नवाकोरा स्टीम ट्रॅप घातला, बायकोला म्हणाला, "दोनपर्यंत येतो, कडी लावू नको." आणि स्कूटरला किक मारून पावण्याच्या एमआयडीसीकडं निघाला. पार्ट बदलायचा आणि परत यायचं, एवढंच काम.

स्टीम ट्रॅप म्हणजे काय ते आधी ऐका, नाहीतर भ्यायच्या जागी तुम्ही भ्यायचे नाहीत. वाफ लांब पाईपातून जाताना वाटेत गार होते, तिचं थोडं पाणी होतं. ते पाणी साठलं की मागून येणारी वाफ ते उचलून पुढं फेकते आणि पाईप धाडधाड हादरतो. कामगार म्हणतात, लाईन हॅमर मारतेय. असं फार दिवस चाललं तर एखादा जोड फुटतो, आणि खाली माणूस असला तर त्याचं काय होतं ते मी सांगत नाही. म्हणून प्रत्येक मशीनच्या शेवटी ट्रॅप बसवतात. दोन मुठींएवढी लोखंडी डबी, आत एक चकती. पाणी आलं की चकती उचलते आणि पाणी सोडते. वाफ आली की टक्कन बसते. पाणी बाहेर, वाफ आत. धडधाकट ट्रॅप दिवसभर टक... टक... करत असतो.

शहाजी या टकटकीचा डॉक्टर. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा. दहा सेकंदांत निकाल. हा अजून वर्षभर जाईल. ह्याची चकती झिजली. हा मेला, बदला. पावणे-तुर्भे पट्ट्यात त्याच्या कानाला नावं ठेवणारा माणूस नव्हता. म्हणजे, सात वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता.

ज्या कंपनीत तो चालला होता तिला सगळे चादर कंपनी म्हणतात. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुवायला येतात. ट्रकच्या ट्रक. धुणं एका बाजूला, वाळवणं दुसऱ्या बाजूला, आणि हॉलच्या पार टोकाला ते इस्त्रीचं मोठं मशीन, ज्याचे रूळ वाफेवर तापतात. बॉयलर ह्या टोकाला, इस्त्री त्या टोकाला. मधे साठ-सत्तर पावलांचा हॉल आणि डोक्यावरनं गेलेला पाईप.

आता इतक्या लांबवर हाक पोचत नाही. मशीनं घरघरतात. पूर्वी मोबाईल गेटवरच जमा करून घ्यायचे. म्हणून तिथल्या लोकांनी आपली एक पद्धत पाडली होती. इस्त्रीकडं कोणी पाईप खोलून बसला असेल, तर बॉयलरवरचा माणूस वाफ सोडण्याआधी पान्यानं पाईपावर तीन ठोके मारायचा. म्हणजे, सोडू का? लोखंडातनं आवाज बरोबर त्या टोकाला जातो. तिकडचा माणूस हात बाहेर काढून, सगळं आवळून, दोन ठोके मारायचा. म्हणजे, सोड. उत्तर आलं नाही तर थांबायचं. तास झाला तरी थांबायचं. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण देवाच्या आरतीसारखं सगळे पाळायचे.

सात वर्षांपूर्वी एका रात्री शहाजी बॉयलरच्या बाजूला होता आणि इस्त्रीकडं होता किसन. किसन म्हणजे पावणे गावातलाच, तिथला भूमिपुत्र. बापाची शेती एमआयडीसीत गेली आणि पोरगा त्याच जमिनीवर फिटर झाला. शहाजीचा जोडीदार. एका डब्यात जेवायचे दोघं. किसनच्या बायकोच्या, गोजराच्या हातची जवळ्याची चटणी शहाजीच्या घरी जायची आणि शहाजीच्या गावचा गूळ तिकडं.

त्या रात्री शहाजीनं तीन ठोके मारले. वाट बघितली. दोन ठोके आले. त्यानं व्हॉल्व्ह उघडला.

किसनचे दोन्ही हात ट्रॅपच्या जागी होते.

तिसऱ्या दिवशी तो गेला. पण जायच्या आधी, भाजलेल्यांच्या वॉर्डात, गोजराच्या देखत बोलला, "मी ठोकलंच नवतं रं, शहाजी." एवढंच. शिवी नाही, शाप नाही. शहाजी कॉटच्या पायथ्याशी उभा होता. तो रडत म्हणत राहिला, "मी ऐकलं किसन. आईशप्पथ, दोन ऐकले."

मग काय, तोंडं सुटली. लोक म्हणाले, शेजारच्या मशीनचा ट्रॅप टक-टक वाजला असेल आणि ह्यानं तो माणसाचा ठोका समजला. एवढा कानाचा तोरा मिरवायचा, आणि शेवटी कानानंच माणूस मारला. शहाजी आधी भांडायचा. चकतीची टक बारीक असते, पान्याचा ठोका जड असतो, मी काय काल कामाला लागलोय का. पुढं भांडायचा बंद झाला. कारण त्याला स्वतःलाच खात्री राहिली नाही. सात वर्षं हा माणूस रात्री दोनदा-तीनदा उठून बसायचा आणि अंधारात तेच आठवत राहायचा. ठोका होता की टक होती? मारेकरी आहे मी, की नाही? चादर कंपनीत त्यानं परत पाय ठेवला नाही. तिथली ठोके मारायची पद्धतही त्या दिवसापासून बंद पडली.

गोजराला कंपनीनं किसनच्या बदली घड्या घालायच्या कामावर घेतलं होतं. ती त्याच इस्त्रीसमोर उभी राहते. शहाजी वाटेत दिसला तर ती रस्ता बदलायची. आणि त्या गुरुवारी दुपारी तिचाच फोन आला.

"मी पावन्याची गोजरा बोलतंय."

"बोला वहिनी," शहाजी म्हणाला.

"मांज्या डोक्यावरचा पाईप दोन दिस झालं धडधडतंय. साहेबाला सांगून सांगून थकलं. तो बोलतंय, पुढच्या महिन्यात बघू. सकाली आमी आठ बायका तेच्या खाली उभ्या रव्हताव." मग म्हणाली, "मना दुसरा कोन फिटर म्हाईत नाय."

आणि फोन बंद.

साहेबाला शहाजीनंच फोन केला. म्हणाला, पार्ट माझा, मजुरी नको, फक्त रात्रीची लाईन बंद करून द्या. फुकट म्हटल्यावर साहेब कशाला नाही म्हणेल? दहाला इस्त्री बंद होते, पहाटे साडेपाचला पुन्हा वाफ लागते, सहाला बायका येतात. मधल्या वेळात काय करायचं ते करा. म्हणून ते काम रात्रीचं. शहाजीच्या मनात एकच होतं. किसनला मी वाचवू शकलो नाही. निदान त्याच्या बायकोच्या डोक्यावरचा पाईप तरी फुटू नये.

दहाला पाच कमी असताना तो पोचला. बॉयलरवर कुंदन नावाचा नवा माणूस होता, तिशीचा, वर्षभरच झालेलं. खुर्चीवर पाय वर घेऊन मोबाईलवर क्रिकेट बघत बसलेला.

"काका, बॉयलर बंद नाय करू शकत हां," तो म्हणाला. "ड्रायर चालू हायत. हॉस्पिटलचा माल सकाळी जायचाय."

"नको करू. फक्त इस्त्रीची लाईन बंद हवी."

इस्त्रीच्या लाईनचा व्हॉल्व्ह शहाजीनं स्वतः फिरवून बंद केला, घट्ट. मग एक गोष्ट केली, जी तो सात वर्षं प्रत्येक कामावर करत आलाय. व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा नट खोलला, फिरवायचं लोखंडी चाकच उपसून काढलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. व्हॉल्व्हचा दांडा तेवढा उघडा राहिला, आत बुडालेला. बंद असला की दांडा आत जातो, उघडला की वीतभर वर येतो, लांबूनही दिसतं.

कुंदन हसला. "काय काका, एवढं टेन्शन? मी काय हात लावतोय?"

"तू नाही लावणार. पण मला काम सुचत नाही नाहीतर."

"झालं की पाईप वाजवा, मी समजून जाईन."

शहाजी गर्रकन वळला. "पाईप वाजवायचा नाही! तू पण नाही, मी पण नाही. काय असेल ते फोनवर. कळलं?"

कुंदन म्हणाला, कळलं. पण जरा दचकलाच तो.

हॉल रिकामा होता. शेवटचा एक दिवा तेवढा इस्त्रीवर, बाकी अंधार. चादरींच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या. त्या टोकाला पाईप छतावरनं खाली उतरतो, भिंतीला धरून, आणि जमिनीपासून हातभर वर त्याच्या शेवटी ट्रॅप. शहाजी सात वर्षांनी तिथं बसला. मांडी घालून, तसाच, जसा किसन बसायचा. त्याला बसवेना. उठला, पाणी प्यायला, परत बसला. स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. मेलेला ट्रॅप. चकती गच्च बसलेली, उचलतच नव्हती.

लाईन गार व्हायला तास द्यावा लागतो. तेवढा वेळ त्यानं काय केलं माहितीये? उगाच पाने मोजले. दोनदा जाऊन व्हॉल्व्ह बघून आला. दांडा आत. चाक पिशवीत. कुंदन खुर्चीत. तिसऱ्यांदा उठायला लागला आणि स्वतःवरच चिडला. म्हातारा झालास काय रे, म्हणाला स्वतःला.

सव्वाअकराला पाईपाला हात लावला. गार. त्यानं बोल्ट सोडले, जुना ट्रॅप उतरवला, मांडीवर घेतला. आतली जाळी गंजाच्या चिखलानं भरलेली. पाईपाच्या उघड्या तोंडाशी जुनं गास्केट, म्हणजे जोडातलं पॅकिंग, चिकटून बसलेलं. ते खरवडल्याशिवाय नवा ट्रॅप बसत नाही. म्हणून दोन्ही हात तोंडाशी घालून तो पात्यानं खरवडायला लागला.

अकरा चाळीस. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात त्यानं बघितलं होतं, म्हणून वेळ नक्की.

ठण्. ठण्. ठण्.

पाईपातनं.

शहाजीचे हात होते तिथंच थांबले. मग त्यानं ते झटक्यानं मागं ओढले आणि फोन लावला.

"कुंदन! पाईप वाजवू नको म्हटलं ना?"

"कोनी वाजवला?"

"आत्ता. तीन ठोके."

"काका, मी गेटवर हाय. चहा घेतोय. वॉचमनला विचारा हवं तर." मागनं खरंच कपबशांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं. "आलो पाच मिनिटांत."

शहाजीनं फोन ठेवला. पाईप गार पडताना आवळतो, त्याचा आवाज होतो. होतो की. त्यालाच काय, मलाही माहीत आहे. पण पाईपाचं आवळणं एकसारखं तीनदा होत नाही. जड, मोजून, मधे सारखं अंतर ठेवून.

त्यानं पिशवी जवळ ओढली. चाक आहे. हातानं चाचपलं. आहे.

आता थोडंच राहिलं होतं. दहा मिनिटांचं काम. टाकून जावं, असं त्याच्या मनात आलं. नाही कसं येणार? पण ट्रॅप नसलेली लाईन तशीच सोडून जायचं, आणि पहाटे कुंदननं झोपेत वाफ सोडली तर? आणि समजा जुनाच परत लावला, तर सहाला गोजरा त्याच पाईपाखाली येऊन उभी. तो उठला नाही. पातं उचललं. हात परत आत.

खरवडतोय. कान मात्र तिकडं.

ठण्... ठण्... ठण्.

सोडू का?

शहाजी हलला नाही. उत्तर दिलं नाही म्हणजे थांबायचं. ही पद्धत. त्यानं श्वास धरला. हात बाहेर काढायचे हेसुद्धा त्याला सुचलं नाही. तो नुसता वाट बघत बसला, की आता शांत राहील. आता शांतच राहील.

आणि त्याच्या कानाजवळ... इतक्या जवळ, की पाईपातला कंप त्याच्या बोटांना जाणवला...

ठण्. ठण्.

दोन.

सोड.

पोरांनो, त्याला आधी भीती वाटलीच नाही. हे त्यानंच मला सांगितलं. आधी त्याला रडू आलं. कारण तो आवाज त्यानं ओळखला. हाच. सात वर्षांपूर्वी ऐकलेला तोच. जड, लोखंडाचा. ट्रॅपची टक म्हणावी, तर त्या लाईनीत आज ट्रॅपच नव्हता. तो त्याच्या मांडीवर होता.

म्हणजे त्या रात्री मी ऐकलं ते खरं होतं. आणि किसन बोलला तेही खरं होतं. त्यानं ठोकलं नव्हतं.

मग ठोकलं कोणी?

हे मनात आलं आणि मग तो भ्याला.

"कोण आहे?" तो म्हणाला.

...

दिवा एकदाही मिणमिणला नाही. ट्रॉल्या जागच्या जागी. चादरीही हलल्या नाहीत. फक्त लांब, हॉलच्या त्या टोकाला, काहीतरी किरकिरलं. एक वेळा. परत. परत. सावकाश. गंजलेला दांडा फिरताना किरकिरतो तसं.

त्यानं पिशवीत हात घातला.

चाक होतं.

किर्र...

चाक त्याच्या हातात होतं. गार. आणि तिकडं व्हॉल्व्ह उघडत होता.

डोक्यावरचा पाईप बोलायला लागला. टिक. टिक. टिक टिक. गार लोखंडात वाफ शिरली की असं होतं. आवाज छतावरनं पुढं सरकत येत होता. ह्या टोकाकडं. त्याच्याकडं.

तो उठायला गेला. पाय बधिर. मांडीवरचा ट्रॅप जमिनीवर आदळला. एक हात पाईपाच्या तोंडाशी लोंबत ठेवलेल्या बोल्टांत अडकलेला. ओढला. निघेना. परत ओढला. टिकटिक भिंतीपाशी पोचली. खाली वळली. त्याच्या डोक्यावर... खांद्याच्या उंचीवर...

तो ओरडला. काय ओरडला माहितीये? "किसन!"

...

थांबलं.

सगळं थांबलं. टिकटिक थांबली. त्यानं डोळे मिटले होते. उघड्या पाईपाच्या तोंडातनं वाफ यायची ती आली नाही. एक थेंब पडला. गार. आणखी एक.

कातडी सोलवटून त्यानं हात सोडवला आणि चाक घेऊन पळत सुटला. साठ पावलं. बॉयलरच्या खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी. आणि व्हॉल्व्हचा दांडा... वीतभर वर आलेला. पूर्ण उघडा. बॉयलरचा काटा सातवर. त्यानं चाक दांड्यावर बसवलं आणि फिरवत गेला, फिरवत गेला, दांडा आत जाईपर्यंत.

तेवढ्यात कुंदन आला, हातात शहाजीसाठी चहाची पिशवी. त्यानं शहाजीचा हात बघितला, तोंड बघितलं, आणि चहा खाली ठेवला. दोघं मिळून परत तिकडं गेले. शहाजी एकटा गेलाच नसता, हे तोच कबूल करतो.

भिंतीवरनं उतरणाऱ्या पाईपावर दोन जोड वरच्या पत्र्याच्या वेष्टनाबाहेर, उघडे आहेत, एक डोक्याच्या उंचीला, एक कमरेला. वरच्याला शहाजीनं थुंकी लावलेलं बोट टेकवलं. चर्र झालं. खालच्याला लावलं. गार. हिवाळ्यातल्या नळासारखा गार. सात किलो दाबाची वाफ चार मिनिटं पूर्ण उघडी होती. वरच्या जोडापर्यंत आली होती. दोन हात खाली उघड्या तोंडापर्यंत आली नव्हती. मधे ना व्हॉल्व्ह, ना काही. नुसता सरळ पाईप.

"काका," कुंदन म्हणाला, "असं होतं का कधी?"

शहाजी म्हणाला, "नाही."

नवा ट्रॅप त्यानं बसवला. कुंदन बॅटरी धरून शेजारी बसून राहिला. चार वाजता फोनवर सांगून, जपून, थोडी थोडी वाफ सोडली. ट्रॅप बोलायला लागला. टक... टक... टक. लाईन गप्प. एकदाही धडधडली नाही. शहाजी घरी मात्र गेला नाही. तिथंच ट्रॉलीला टेकून बसला.

पावणेसहाला गोजरा आली. नेहमी सगळ्यांच्या आधी येते. शहाजीला बघून दारातच थांबली. तो उठून उभा राहिला आणि सात वर्षांचं एका दमात बोलला. "वहिनी, किसन खोटं नाही बोलला. त्यानं ठोकलं नव्हतं. पण मी ऐकलं होतं, तेही खरं. काल परत ऐकलं. तेच. ठोकणारा तो नव्हता, वहिनी. दुसरंच काहीतरी आहे इथं. त्यानं मला फसवलं, आणि किसनला मारलं."

गोजरा ऐकत होती, पण तिची नजर त्याच्यावर नव्हती. त्याच्या मागं, भिंतीवरच्या पाईपावर होती. पाईपाला ऊब राहावी म्हणून वरनं पातळ पत्रा गुंडाळलेला असतो, अॅल्युमिनियमचा. ती जवळ गेली. खांद्याच्या उंचीला, दोन्ही जोडांच्या मधे, पत्रा चेपलेला होता. तिनं त्यावर हात ठेवले. मग पदरानं डोळे पुसून वळली.

"हात बग किती सोललाय तुजा," ती म्हणाली. "बस. मी चा आनतंय."

आता तुम्ही म्हणाल, पत्रा तर कशानंही चेपतो. ट्रॉली आपटते, कोणी लाथ मारतं. मीही शहाजीला तेच म्हणालो. तो म्हणाला, चल. पुढच्या रविवारी कंपनी बंद होती, मला घेऊन गेला. कुंदनही होता. शहाजीनं स्वतः पत्रा उलगडला, खालचा काचेचा कापूस काढला, आणि लोखंड उघडं केलं.

लोखंडावर पण तसंच होतं. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पाईप, घणानं मारला तरी दबायचा नाही. त्यावर दोन पंजे उमटले होते. एक वर, एक खाली, मुठीनं आवळून धरल्यासारखे. कणकेत बोटं रुतावीत तशी दहाच्या दहा बोटं. मी त्या खाचांत माझी बोटं घालून बघितली. माझ्याहून मोठा पंजा होता.

विश्वजित, तू उभा राहा. हा पाण्याच्या टाकीचा पाईप धर दोन्ही हातांनी, घट्ट. हां. तुझे तळवे तुझ्या बाजूला आले, आणि बोटांची टोकं पलीकडं. बरोबर?

त्या पाईपावर बोटांची टोकं बॉयलरच्या बाजूला होती. तळवे होते शहाजी बसला होता त्या बाजूला. धरणारा वाफेच्या आणि शहाजीच्या मधे उभा होता. वाफेकडं तोंड करून, शहाजीकडं पाठ करून.